जड डबा, पिवळं चिन्ह

 बदलापूर गावातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. मागच्या वेळी आपण गटाची वही आणि बँकेचं पासबुक कसं जुळवायचं ते पाहिलं. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो आपल्या ओट्यापर्यंत येऊन गेलेला आहे, म्हणून बोलायचं ठरवलं. विषय आहे भंगाराचा.

आपला भाग कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. एका बाजूला उल्हास नदी आणि भातशेती, दुसऱ्या बाजूला बदलापूरची आणि अंबरनाथची एमआयडीसी, पुढे उल्हासनगरचे कारखाने. कंपन्या चालू होतात, बंद पडतात, शेड विकल्या जातात आणि त्यातलं लोखंड, पत्रा, पाइप, वायर, पिंप आपल्याकडे येतं. आमच्या गटांतल्या किती तरी बाया भंगार वेचतात, निवडतात, तांबं सोलतात. कुणाचा नवरा टेम्पो चालवतो, कुणाचा दीर काट्यावर बसतो. कंपनीचं निळं पिंप धुऊन त्यात पाणी भरणं तर घरोघरी आहे. कंपनीतून आलं म्हणजे भक्कम, असाच आपला हिशोब.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटात एक काकू आहेत. घराच्या मागच्या पडवीत भंगार निवडतात. त्यांच्या पुतण्याने एका बंद शेडच्या मागून गोणीभर माल आणला. त्यात एक डबा होता. आकाराने खाऊच्या मोठ्या डब्याएवढा, वर धरायला मूठ, पण वजन असं की दोघींनी धरूनसुद्धा तो नीट उचलेना. एका अंगाला घासटलेला पिवळा कागद आणि त्यावर तीन पात्यांचं काळं चिन्ह. काकूंना वाटलं पंख्याच्या कंपनीचा शिक्का असेल. पुतण्या म्हणाला, आत शिसं असणार, छिन्नीने फोडतो, चांगला भाव येईल.

त्याच संध्याकाळी गटाची बैठक काकूंच्या ओट्यावर होती. आमच्यातल्या एकीची कॉलेजात जाणारी मुलगी सोबत आली होती. तिने तो डबा पाहिला आणि म्हणाली, "काकू, हे चिन्ह आमच्या पुस्तकात आहे. हे किरणोत्सर्गाचं चिन्ह आहे. फोडू नका."

मग ओट्यावर जे बोलणं झालं ते जसंच्या तसं सांगतो, कारण तुमच्या ओट्यावरही तेच होईल. एक म्हणाली, पोलिसांना सांगा. काकू म्हणाल्या, "पोलीस विचारतील कुठून आणला. पोराला चोर म्हणून आत बसवतील. आणि परवा माझा बाराशेचा हप्ता आहे, तो कोण भरणार?" दुसरी म्हणाली, काट्यावर देऊन टाका, आपल्या दारात नको. तिसरीने सांगितलं, रात्री नदीत टाकून द्या, कुणाला कळणार नाही. नदीत! ज्या नदीचं पाणी बॅरेजवरून आपल्या नळाला येतं, त्या नदीत.

शेवटी आम्ही 112 ला फोन लावला. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी, त्या रात्रीनंतर आम्ही विचारून, वाचून जे समजून घेतलं ते ऐका.

कारखान्यात मोठे पाइप, बॉयलर, टाक्या वेल्डिंगने जोडतात. जोड आतून पक्का बसला की त्यात फट राहिली, हे डोळ्यांना दिसत नाही. आपल्या मोडलेल्या हाडाचा जसा फोटो काढतात, तसा त्या जोडाचाही काढतात. बांधकामावर किंवा पाइपलाइनवर प्रत्येक ठिकाणी मोठं यंत्र नेता येत नाही, म्हणून एक हातात धरून नेण्याजोगा डबा वापरतात. त्याला रेडिओग्राफी कॅमेरा म्हणतात. नाव कॅमेरा असलं तरी तो फोटोच्या कॅमेऱ्यासारखा दिसत नाही. वजन साधारण 20 ते 25 किलो. आत शेंगदाण्याहूनही लहान अशी धातूची कुपी असते. बहुतेक वेळा ती इरिडियमची. त्या कुपीतून रात्रंदिवस किरण निघतात. वीज लागत नाही, बटण नसतं, बंद करता येत नाही. किरण बाहेर येऊ नयेत म्हणून तिच्याभोवती जड धातूचं जाड कवच असतं. पुष्कळ कॅमेऱ्यांत हे कवच युरेनियमचं असतं, कारण ते शिशाच्या दीडपटीहून जड आहे. म्हणून डबा लहान आणि वजन भलतंच.

कुपी कवचात आहे तोवर डबा हाताळता येतो. प्रशिक्षण घेतलेला माणूस लांब उभा राहून केबलने ती बाहेर सरकवतो, फोटो झाला की परत आत ओढतो. अशीच लहान उपकरणं रस्त्याच्या कामावर मातीची घनता मोजायला आणि कारखान्यात टाकी किती भरली ते बघायलाही वापरतात. या वस्तू वापरायला मुंबईच्या अणुशक्तीनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. कुलुपात ठेवाव्या लागतात, नोंद ठेवावी लागते, काम संपलं की कुपी ठरलेल्या ठिकाणी परत द्यावी लागते. हरवली किंवा चोरीला गेली तर ताबडतोब कळवणं ही परवाना घेणाऱ्याची जबाबदारी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. जबाबदारी त्याची आहे, वेचणाऱ्या बाईची नाही.

तरी अशा वस्तू बाहेर पडतात. चोराला कुलूप लावलेला जड डबा दिसतो, त्याला वाटतं आत महागडं अवजार आहे. कधी कंपनी बंद पडते, मालक जातो, आणि मागे राहिलेलं सगळं लोखंडाच्या भावात निघतं. चोरणाऱ्याला, विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, कुणालाच आत काय आहे ते माहीत नसतं. आणि साखळीच्या शेवटी छिन्नी हातोडा घेऊन बसलेलं एक घर असतं.

1984 साली मोरोक्को देशात मोहम्मदिया गावी वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथे अशाच कॅमेऱ्यातली इरिडियमची कुपी केबलपासून सुटून खाली पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. एकाने चमकणारा धातूचा तुकडा दिसला म्हणून उचलला आणि घरी नेऊन ठेवला. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडली. काय झालंय ते कळायला कित्येक आठवडे गेले. तोवर 8 जण दगावले होते. त्या घरात कुणी काही चोरलं नव्हतं, कुणी काही फोडलं नव्हतं. तुकडा फक्त घरात होता.

आपल्या देशातलं ऐका. दिल्ली विद्यापीठात किरणांचं एक जुनं यंत्र होतं. 1985 पासून कुणी वापरलं नव्हतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते भंगार म्हणून लिलावात निघालं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडलं गेलं आणि आतला कोबाल्ट धातू मोकळा झाला. एकाने त्यातला छोटा तुकडा पाकिटात ठेवला होता. 8 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यातला एक कामगार एप्रिलमध्ये वारला. शिकलेल्या लोकांच्या संस्थेतून हे बाहेर पडलं आणि भोगलं कुणी, तर रोजंदारीवर तोडकाम करणाऱ्यांनी.

आता आपल्याच लाइनवरचं. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं तयार करणाऱ्या कारखान्यात साधारण 20 कामगारांना किरणांचा मारा बसल्याचं उघडकीला आलं. बटणांच्या पोलादात कोबाल्ट मिसळलेला होता. शोध घेत घेत माग कुठे निघाला, तर खोपोलीला. कर्जत ओलांडलं की येतं ते आपलं खोपोली. तिथल्या एका फाउंड्रीत भंगार वितळवून ते पोलाद तयार झालं होतं. कुठून तरी आलेली कोबाल्टची एखादी वस्तू त्या भंगारात होती. म्हणजे एका ढिगात आलेली चूक सात समुद्र ओलांडून गेली. तिकडे यंत्राने ती पकडली. आपल्या गल्लीतल्या काट्यावर असं यंत्र नाही. तिथे निवडणाऱ्या बाईचे डोळे हेच यंत्र.

आणि बाईच्या डोळ्यांबद्दलच एक गोष्ट आहे, ती आम्हाला फार लागली. ब्राझील देशात गोयानिया नावाचं शहर आहे. सप्टेंबर 1987 मध्ये तिथल्या एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी कर्करोगाच्या उपचाराच्या यंत्राचा भाग उचलून नेला आणि भंगारवाल्याला विकला. फोडल्यावर आत एक पूड निघाली. रात्री ती अंधारात निळी चमकायची. भंगारवाल्याला वाटलं ही काहीतरी दैवी, मोलाची वस्तू आहे. शेजारीपाजारी बघायला आले, थोडी थोडी घेऊन गेले. त्याच्या भावाने घरी नेली. भावाची सहा वर्षांची मुलगी ती पूड हाताला लावून खेळली आणि त्याच हाताने जेवली.

लोकांना उलट्या, जुलाब सुरू झाले, अंगावर भाजल्यासारखे डाग उठले. डॉक्टरांना आधी वाटलं खाण्यातून काही गेलं असेल, ऍलर्जी असेल. पण भंगारवाल्याच्या बायकोने घरात बसून हिशोब लावला. ही वस्तू घरात आली तेव्हापासून सगळे आजारी पडताहेत. तिने उरलेलं सगळं पिशवीत भरायला लावलं आणि एका कामगाराला घेऊन बसने थेट आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेलं. डॉक्टरसमोर ठेवून सांगितलं की हेच माझ्या माणसांना मारतंय. ती गेली म्हणून शहराला कळलं. 1 लाख 12 हजारांहून जास्त लोक तपासले गेले, 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात ती पूड सापडली. 4 जण दगावले. त्यात ती सहा वर्षांची मुलगी होती आणि ही बाईसुद्धा होती.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरातलं माणूस का आजारी पडलं, कधीपासून पडलं, हे बाई बघतेच. आपणही बघतो. फरक इतकाच की तिला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिने पिशवी हातात धरली नसती. वस्तू जिथे आहे तिथेच ठेवून फक्त निरोप द्यायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं. आपल्याला आजपासून माहीत आहे.

तेव्हा आता नीट ऐका, आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

पहिलं, ओळखायचं कसं. पिवळ्यावर काळी किंवा जांभळट तीन पाती, मधे ठिपका, पंख्यासारखं दिसणारं चिन्ह. 2007 पासून आणखी एक चिन्ह आलंय. लाल त्रिकोण, त्यात वरून येणाऱ्या लाटा, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल असं आहे. पण चिन्ह खरवडलेलं, रंगवलेलं असू शकतं. म्हणून दुसरी खूण, वजन. आकार लहान आणि वजन फार, मूठ आहे, कुलूप आहे, केबल जोडायचं तोंड आहे, तर हात थांबवा. आणि सुटा, चकचकीत, गोळीएवढा धातूचा तुकडा कुठे पडलेला दिसला तर उचलू नका, खिशात किंवा कनवटीला लावू नका, पोरांच्या हातात देऊ नका.

दुसरं, लांब व्हा. किरण दिसत नाहीत, वास येत नाही, चटका बसत नाही. पण चुलीच्या धगीसारखं आहे. लांब सरकलं की धग कमी. अंतर दुप्पट केलं तर मारा चौथाईवर येतो. म्हणून पोरांना आणि पोटुशी बाईंना आधी हलवा, मग बाकीच्यांनी निघा. वस्तू फोडू नका, कापू नका, गॅस कटर लावू नका, विस्तवात टाकू नका, पुरू नका, आणि नदी, विहीर, नाल्यात तर मुळीच टाकू नका.

तिसरं, सांगा. 112 ला फोन करा आणि म्हणा, भंगारात किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेली वस्तू सापडली आहे. एवढं वाक्य पुरे. पुढची माणसं कुणाला बोलवायची ते पोलीस आणि तहसील कार्यालय बघतं. मोबाइलवर लांबून फोटो काढता आला तर काढा, पण त्यासाठी जवळ जाऊ नका.

चौथं, आजारपण. अशी वस्तू हाताळल्यावर उलट्या झाल्या, भलता थकवा आला, किंवा काही दिवसांनी हातावर, मांडीवर न भाजता भाजल्यासारखा लाल चट्टा, फोड उठला, जखम भरेना, केस गळायला लागले, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही अमुक वस्तू हाताळली होती. डॉक्टर अंतर्ज्ञानी नसतात. त्यांना वाटणार किडा चावला. पूड किंवा चुरा अंगावर पडला असेल तर कपडे काढून पिशवीत बांधून बाजूला ठेवा, साबणाने अंग धुवा, आणि धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

पाचवं, माणसाला वाळीत टाकू नका. बंद कुपीच्या किरणांनी आजारी पडलेला माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. तो विस्तवाजवळ बसून भाजलेल्या माणसासारखा आहे, त्याच्या अंगात विस्तव नाही. गोयानियाच्या त्या लहान मुलीला पुरायला नेलं तेव्हा लोकांनी दफनभूमीत दगडफेक केली होती. आपल्याकडून असं होऊ नये.

आणि नको तिथे घाबरूही नका. दवाखान्यातलं एक्स-रे मशीन वीज बंद केली की बंद. सोनोग्राफीत हे किरण नसतातच. डॉक्टरांनी तपासणी सांगितली असेल तर आजचं बोलणं ऐकून ती टाळू नका.

आणखी एक सांगायला हवं, कारण यात पैशाची लालूच आहे. डिसेंबर 2016 मध्ये आपल्याच ठाण्यात पोलिसांनी दोघांकडून 9 किलोच्या आसपास युरेनियम पकडलं. मे 2021 मध्ये मुंबईत दहशतवादविरोधी पथकाने 7 किलोहून जास्त युरेनियम पकडलं. पकडलेल्यांत मानखुर्दचा एक भंगार व्यापारी होता. दोन्ही वेळा माल भाभा अणुसंशोधन केंद्राकडून तपासून घेतला गेला. वर्तमानपत्रात कोटींचे आकडे आले आणि लोकांना वाटलं, असला डबा म्हणजे लॉटरी. तांदूळ खेचणारं भांडं आहे, त्यात इरिडियम आहे, परदेशातली कंपनी कोटी देणार आहे, फक्त तपासणीचे पैसे भरा, असं सांगून लुटणारेही फिरत असतात. बायांनो, यातून कुणाचं घर उभं राहिलेलं नाही. असा माल परवान्याशिवाय बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे. आणि असल्या तपासणीसाठी कुणी गटाचं कर्ज मागत असेल, तर बैठकीतच नाही म्हणा.

आता काकूंच्या डब्याचं. पोलीस आले. त्यांनी गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली. आम्ही पोरंबाळं घेऊन देवळाच्या ओट्यावर बसलो. रात्री उशिरा यंत्र घेऊन माणसं आली. त्यांनी मोजलं, डब्यात डोकावलं आणि सांगितलं, कुपी नाही, रिकामं कवच आहे, धोका नाही. डबा ते घेऊन गेले. पुतण्याला दोन दिवस चौकीत बोलावलं, शेड कुठली ते विचारलं, तिसऱ्या दिवशी सोडलं ते सोडलंच. पण ते दोन दिवस काकूंच्या घशाखाली घास उतरला नाही. आणि गल्लीने आमचं नाव ठेवलं, बॉम्बवाल्या बाया. भाजी घ्यायला गेलं तरी हसायचे.

आम्ही पुढच्या बैठकीत स्वतःलाच विचारलं, आपण मूर्ख ठरलो का? काकू तावातावाने म्हणाल्या, "डबा रिकामा होता हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? भरलेला असता तर हसायला कोण उरलं असतं?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

पण खरी अडचण हसण्याची नव्हतीच. ती बाराशे रुपयांची होती. सगळ्या सूचना पाठ असल्या तरी ज्या बाईचा परवा हप्ता आहे, ती छिन्नी उचलणारच. गरिबाला धोका कळत नाही असं नाही, त्याला थांबणं परवडत नाही. म्हणून आम्ही गटात एक ठराव केला आणि काकूंचा त्या महिन्याचा हप्ता गटाच्या आपत्कालीन निधीतून भरला. ठराव असा की, संशयास्पद वस्तू सापडल्याचं जी सभासद कळवेल, तिचं त्या आठवड्याचं नुकसान गट वाटून घेईल. आणि पोलीस चौकीत जायची वेळ आली तर तिच्यासोबत गटातल्या दोघी जातील. एकटीला पाठवायचं नाही.

तुमच्या गटातही हा ठराव घ्या, एवढंच आमचं मागणं आहे. इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या. तीन पात्यांचं चिन्ह मोठ्या कागदावर काढून भंगाराच्या काट्यावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. काटेवाल्याला सांगा, असा डबा आला तर घेऊ नको आणि परतही पाठवू नको, तसाच ठेव आणि फोन कर. परत पाठवलेला डबा दुसऱ्या गल्लीत जातो, आणि तिथेही आपलीच कुणीतरी बाई निवडायला बसलेली असते.

पुढच्या वेळी कंपनीच्या पिंपांबद्दल बोलू, कारण त्यातही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तोवर वजनाकडे लक्ष ठेवा, पोरांना जपा. नमस्कार.